फुंकण्याचा आकडा, बेडक्यातल्या पेशी आणि धाप: तिघांचं एकमेकांशी जमत का नाही?

काचपट्टी | शनिवार, रात्री १०:०५

जेवत असाल तर धागा बाजूला ठेवा, नंतर या. विषय बेडक्याचा आहे.

मी छातीच्या विभागाला जोडलेल्या प्रयोगशाळेत काम करते. कफातले क्षयाचे जंतू शोधतात ते सगळ्यांना माहीत असतं. माझं काम जरा वेगळं आहे, कफात कुठल्या पेशी किती आहेत ते मोजायचं. हे करणारे थोडेच, कारण काम वेळखाऊ आणि किळसवाणं. पेशंटला आधी श्वासनलिका सैल करणारा पंप देतात, मग मिठाच्या तीव्र पाण्याची वाफ. खाऱ्या वाफेने दमेकऱ्याची छाती आवळू शकते, म्हणून मधूनमधून फुंकायला लावून बघत राहायचं. मग तो खोकतो, डबीत थुंकतो, आणि ती डबी ताजी असतानाच माझ्या टेबलावर येते.

बशीत ओतल्यावर थुंकी पाण्यासारखी पसरते. कफाची गाठ पसरत नाही, चिमट्याने उचलली की तार धरते. त्या गाठी तेवढ्या वेचायच्या, विरघळवणाऱ्या द्रावणात हलवायच्या, गाळायच्या, काचेवर पेशींचा ठिपका पाडायचा, रंगवायचा. मग डोळा लावून चारशे पेशी एकेक करून मोजायच्या. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी ओळखायला सोप्या: केंद्रकाचे दोन गोळे, चष्म्यासारखे, आणि बाकी जागेत नारिंगी दाण्यांचा खच. न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार तुकड्यांचं, बारीक दोऱ्यात ओवल्यासारखं. मॅक्रोफेज म्हणजे मोठी, गबाळी पेशी. सिगरेट ओढणाऱ्यांच्या मॅक्रोफेजच्या पोटात तपकिरी कचरा दिसतो.

एकाच दिवशी पाहिलेल्या दोन पट्ट्यांची गोष्ट सांगते. पहिले काका सत्तरीचे, सीओपीडीवाले (म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जाण्याचा आजार). सिगरेट सुटून बारा वर्षं झालेली. फुंकण्याच्या टेस्टमध्ये पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा अपेक्षेच्या ३८ टक्के, म्हणजे कागदावर ‘गंभीर’. पट्टी मात्र बऱ्यापैकी शांत. न्यूट्रोफिल थोडे वर, पण त्या वयात तेवढे असतातच. दुसरी मुलगी तिशीतली, दमा. फुंकण्याचा आकडा ८१ टक्के, कागदावर ‘ठीक’. तिच्या पट्टीवर चारशेत ८८ इओसिनोफिल, म्हणजे २२ टक्के. ३ टक्क्यांच्या वर गेलं की आम्ही जास्त म्हणतो. शिवाय पेशींच्या मधे सुईसारखे टोकदार स्फटिक पडलेले.

त्या महिन्यात अॅडमिट कोण झालं असेल? मुलगी. काका आपले सावकाश, थांबत थांबत का होईना, चालत आले आणि चालत गेले.

तेव्हापासून ‘आजार किती गंभीर आहे’ या प्रश्नाला एका आकड्यात दिलेलं उत्तर माझ्या पचनी पडत नाही. नळ्यांमधली सूज, नळ्यांची झालेली मोडतोड आणि माणसाला लागणारी धाप ही तीन वेगळी खाती आहेत. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जातात हे खरं, पण शिल्लक प्रत्येकाची निराळी. तुमचे अनुभव लिहा. मी डॉक्टर नाही, औषधाचा डोस मला विचारू नये.

उनाडवारा | शनिवार, रात्री १०:२१

रुमाल टाकून ठेवतो. (आणि जेवतच होतो. धन्यवाद.)

खटपट्या | शनिवार, रात्री ११:४०

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. बाबांना सीओपीडी आहे. मागच्या वर्षीचा आकडा ५६ टक्के, यंदा ५५. डॉक्टर म्हणाले, ‘स्थिर आहे, ग्रेड २.’ आणि याच वर्षात बाबांना तीनदा नेब्युलायझर, स्टिरॉइडच्या गोळ्या आणि अँटिबायोटिकचा कोर्स लागलाय, त्यात एकदा चार दिवस भरती. याला स्थिर म्हणायचं? मला तर त्या ग्रेडचाच राग येतो आता.

काचपट्टी | रविवार, सकाळी ८:१५

खटपट्या, ग्रेड खोटी नाही, पण ती एकाच प्रश्नाचं उत्तर आहे. हवा बाहेर पडायला किती अडथळा आहे, एवढंच ती सांगते. ८० टक्के आणि वर ग्रेड १, ५० ते ७९ ग्रेड २, ३० ते ४९ ग्रेड ३, त्याखाली ४. सीओपीडीसाठी जगभर वापरतात ती ‘गोल्ड’ची मार्गदर्शक तत्त्वं २००१ साली पहिल्यांदा आली, तेव्हा उपचार या आकड्यावरच बेतलेले होते. दहा वर्षांत त्यांच्याच लक्षात आलं की याने भागत नाही. २०११ पासून धाप आणि वर्षभरात आलेले हल्ले हिशेबात घ्यायला लागले. २०२३ पासून ए, बी, ई असे तीन गट आहेत. ई म्हणजे हल्लेवाले: २०२३ च्या व्याख्येत वर्षात मध्यम स्वरूपाचे दोन किंवा भरती करावी लागलेला एक. तुमचे बाबा ग्रेड २ आणि गट ई. यातला दुसरा शब्द तुम्हाला कोणी सांगितलाच नाही, असं दिसतंय.

२०१० साली मोठ्या पाहणीत एक गोष्ट स्पष्ट दिसली. पुढच्या वर्षी हल्ले कोणाला येणार याचा सगळ्यात चांगला अंदाज कशावरून येतो? मागच्या वर्षी किती आले यावरून. फुंकण्याचा आकडा बराच मागे. काही लोकांचा पिंडच हल्ल्याचा असतो आणि तो मध्यम अडथळ्यातही दिसतो.

शंखोबा | रविवार, सकाळी ९:०२

हे सगळं जरा जास्तच गुंतागुंतीचं करून सांगताय, असं वाटतं. सूज आहे ना? मग सूज उतरवणारं औषध द्या, म्हणजे स्टिरॉइड. सूज उतरली की आजार उतरला. माझ्या चुलतभावाला दमा होता, स्टिरॉइडचा पंप सुरू केला, तीन महिन्यांत टुणटुणीत. पेशी मोजत बसायची गरज काय?

ओसरी | रविवार, सकाळी ९:३०

शंखोबा, चुलतभावाचं नशीब चांगलं, त्याची सूज स्टिरॉइडचं ऐकणारी निघाली.

माझं उलटं झालं, आणि त्यात चूक माझीच. मला विशीपासून दमा. निळा पंप खिशात, तपकिरी पंप कपाटात. निळ्याने दोन मिनिटांत छाती मोकळी व्हायची. तपकिरीने लगेच काही कळायचं नाही, म्हणून तो ‘नंतर बघू’ वर पडून. एका वर्षी मी निळ्याचे आठ-नऊ डबे संपवले. बरं वाटतंय म्हणजे बरं आहे, असा हिशोब. प्रत्यक्षात निळा पंप फक्त आवळलेले स्नायू सैल करतो, आतल्या सुजेला हातही लावत नाही. आग लागलेल्या घराच्या खिडक्या उघडत होते मी.

शेवटी एका पहाटे बोलताना एकेक शब्द सुटा पडायला लागला, तेव्हा कळलं. त्या वेळी डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘वर्षात निळे किती?’ तीन किंवा जास्त लागत असतील तर तीच धोक्याची खूण धरतात, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे कदाचित सांगितलंही असेल, मी ऐकलं नसेल. आता तर दम्यासाठीच्या ‘जिना’च्या शिफारशींतून २०१९ पासून नुसता निळा पंप वापरणं बादच केलंय. सौम्य दम्यातही सोबत सूज उतरवणारं औषध हवंच.

काचपट्टी | रविवार, सकाळी ११:१०

ओसरी, खिडक्यांची उपमा चोरतेय, कामावर वापरीन.

शंखोबा, तुमचा प्रश्न वाजवी आहे, म्हणून उत्तर जरा लांबट देते. इंग्लंडमधल्या डर्बीत हॅरी मॉरो ब्राउन नावाचे डॉक्टर होते. दम्याला स्टिरॉइडच्या गोळ्यांचा उपयोग होतो की नाही यावर त्या काळी एकमत नव्हतं. ब्राउनांनी १९५८ मध्ये दाखवलं की आधी रुग्णाचा कफ सूक्ष्मदर्शकाखाली बघा. इओसिनोफिल भरपूर असतील त्यांना गोळ्या लागू पडतात, नसतील त्यांना नाही. दोन्ही गटांची सरमिसळ केली की सरासरीत फायदा विरून जातो. एवढी सोपी गोष्ट, पण पुढची तीस-चाळीस वर्षं बहुतेकांच्या विस्मरणात गेली. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या फ्रेडी हारग्रीव्ह आणि सहकाऱ्यांनी कफ मोजायची पद्धत नीट बसवली, तेव्हा ती पुन्हा वर आली. मी आज चारशे पेशी मोजते ती त्यांचीच शिस्त.

मग २००२ साली लेस्टरमध्ये ७४ दमेकऱ्यांचे दोन गट केले. एका गटाचं औषध नेहमीप्रमाणे लक्षणं बघून ठरवलं, दुसऱ्याचं कफातल्या इओसिनोफिल ३ टक्क्यांखाली राहतील असं. वर्षभरात पहिल्या गटात १०९ मोठे हल्ले, दुसऱ्यात ३५. गंमत म्हणजे दोन्ही गटांना स्टिरॉइड सरासरीने सारखंच पडलं. फरक एवढाच की ते ज्याला हवं त्याला मिळालं.

आता उलट बाजू बघा. सीओपीडीत बहुतेकांच्या नळ्यांत न्यूट्रोफिलची गर्दी असते. स्टिरॉइडला त्या फारशा दाद देत नाहीत, उलट स्टिरॉइडमुळे न्यूट्रोफिलचं आयुष्य वाढतं असं प्रयोगशाळेत दिसतं. २००७ च्या ‘टॉर्च’ नावाच्या मोठ्या अभ्यासात स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्या सीओपीडीवाल्यांत न्यूमोनिया जास्त दिसला. त्याच सुमारास सुजेतला एक मोठा दूत, टीएनएफ, अडवणारं इंजेक्शन सीओपीडीत वापरून पाहिलं. संधिवातात ते नावाजलेलं औषध, इथे उपयोग शून्य. तेव्हा ‘सूज आहे ना, उतरवा’ हे वाक्य अर्धंच आहे. कुठली सूज, ते आधी विचारा.

निरगाठ | रविवार, दुपारी १२:४४

जरा भाषेचं अवांतर. ‘सूज’ म्हटलं की डोळ्यासमोर मुरगळलेला घोटा येतो. दाह म्हटलं की जळजळ. पाठ्यपुस्तकात शोथ असतं, पण ते परीक्षेपुरतं. श्वासनलिकेत नक्की काय होतं? ती फुगते, की जळते?

काचपट्टी | रविवार, दुपारी १:३०

शब्द तिन्ही थोडे थोडे बरोबर आहेत. अस्तर पाणी धरून जाड होतं, ही सूज. रक्तातून पेशी बाहेर येऊन रसायनं ओततात, हा दाह. मग कफ करणाऱ्या पेशींची संख्या वाढते, नळीभोवतीचा स्नायू जाड होतो, आणि वर्षानुवर्षं चाललं तर तिथे वण पडून नळी कायमची आखडते. वणाला सूज म्हणता येत नाही, आणि कुठलंही सूज उतरवणारं औषध वण पुसत नाही. ३८ टक्केवाल्या काकांचं हेच. आग बरीचशी विझलेली, पण घर जळून गेलेलं. (ओसरी, घेतलीच उपमा.) ‘बरीचशी’ म्हणतेय, कारण सिगरेट सुटल्यावरही सीओपीडीतली सूज पूर्ण जात नाही, वर्षानुवर्षं धुमसते. तरी सोडल्याने आकड्याची घसरण मंदावते, हे फ्लेचर आणि पीटो यांनी १९७७ मध्येच मांडलंय.

मोडतोड कुठे होते तेही बघण्यासारखं आहे. घशापासून हवेच्या पिशव्यांपर्यंत नळीला साधारण तेवीस वेळा फाटे फुटतात. दोन मिलिमीटरहून बारीक नळ्या इतक्या असंख्य, की निरोगी फुफ्फुसात एकूण अडथळ्यातला त्यांचा वाटा जेमतेम १० ते २० टक्के. त्यामुळे तिथल्या बऱ्याच नळ्या बंद पडल्या तरी फुंकण्याच्या आकड्याला पत्ता लागत नाही. म्हणून त्या भागाला मुका पट्टा म्हणतात. २०११ साली जेम्स हॉग यांच्या गटाने अगदी बारीक सीटीने काढून घेतलेली फुफ्फुसं तपासली. अतिगंभीर सीओपीडीच्या फुफ्फुसांत शेवटच्या बारीक नळ्या निरोगी फुफ्फुसाच्या दहाव्या हिश्शाएवढ्याच उरल्या होत्या. आणि त्या नाहीशा होणं हे पिशव्या फाटण्याच्या आधीचं होतं.

याच हॉग यांनी २००४ मध्ये १५९ लोकांच्या फुफ्फुसाचे तुकडे तपासले होते. ग्रेड चढत जाते तशी बारीक नळ्यांची भिंत जाड होते, पोकळीत पेशीमिश्रित कफ साचतो, आणि भिंतीत लिम्फ पेशींच्या गाठोळ्या दिसायला लागतात. म्हणजे सूज आणि ग्रेड यांचं नातं आहेच, नाही असं मी म्हणत नाही. पण ते अनेकांच्या तुकड्यांवरून दिसलेलं, गटाचं नातं. एका माणसाच्या सुजेवरून त्याचा आकडा सांगता येत नाही, आकड्यावरून सूज तर नाहीच नाही.

उनाडवारा | रविवार, दुपारी १:५०

ते सुईसारखे स्फटिक कसले, ते राहिलं.

काचपट्टी | रविवार, दुपारी २:०५

शार्को-लायडन स्फटिक. एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत. इओसिनोफिल फुटली की तिच्यातलं गॅलेक्टिन-१० नावाचं प्रथिन स्फटिक होऊन बसतं. वर्षानुवर्षं आम्ही ते ‘इथे इओसिनोफिल येऊन मेल्या’ याची खूण म्हणून लिहायचो, मढ्यासारखं. २०१९ मध्ये उंदरांवर दिसलं की हे स्फटिक स्वतःच सूज पेटवतात. मढं उठून मारामारी करतंय म्हणायचं.

आणि निरगाठला आवडेल म्हणून: इओसिनोफिल म्हणजे इओसिन हा रंग ओढून घेणारी. त्या रंगाच्या नावात ग्रीकांची ईओस आहे, म्हणजे आपली उषा. पट्टीवर दाणे खरंच पहाटेच्या रंगाचे दिसतात.

भाता | रविवार, संध्याकाळी ६:२०

मी छातीचा फिजिओ. तिसऱ्या खात्याबद्दल, धापेबद्दल, बोलतो, कारण तिकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं.

आत्ता बसल्या जागी एक करून बघा. (छातीचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी करू नये.) पूर्ण श्वास भरा. आता त्यातला थोडासाच सोडा आणि पुन्हा भरा. परत थोडाच सोडा, भरा. असं सात-आठ वेळा. छाती वर अडकून बसल्यासारखी वाटते ना? हवा आत आहे, भरपूर आहे, तरी गुदमरतं. सीओपीडीवाला जिना चढतो तेव्हा त्याचं नेमकं असं होतं. त्याला श्वास घेता येत नाही, असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याला सोडायला वेळ पुरत नाही. पूर्ण सोडण्याआधी पुढचा घ्यावा लागतो, हवा आत कोंडत जाते.

म्हणून ओठांचा चंबू करून, शिट्टी घालतो तसं, हळूहळू सोडायला शिकवतो. नळीत थोडा दाब टिकतो, ती लवकर मिटत नाही. सहा-आठ आठवडे चालणं, पायांचे व्यायाम, असा वर्ग घेतला की तोच माणूस जास्त अंतर चालतो, धाप कमी लागते. फुंकण्याचा आकडा? तोच. कफातल्या पेशी? ताईंना विचारा, पण मला नाही वाटत त्या माझ्या व्यायामाला भीक घालत असतील. आकडा ढिम्म आणि माणूस सुधारलेला, हे मी रोज बघतो. मग फॉलोअपला कोणी म्हणतं, ‘रिपोर्टमध्ये काहीच फरक नाही’, आणि पेशंटचा चेहरा पडतो. त्या वाक्याची मला चीड आहे.

ओसरी | रविवार, संध्याकाळी ६:४५

भाताभाऊ, करून बघितलं. सहाव्यालाच सोडून दिलं. आता नवऱ्याला करायला लावते, मला दम लागतो म्हणजे काय ते कळू दे एकदा.

अर्धविराम | रविवार, रात्री ९:३३

सीओपीडी आणि दमा यांच्या मधे आमची जमात नेहमी हरवते. मला ब्राँकिएक्टेसिस आहे. लहानपणच्या न्यूमोनियानंतर नळ्या रुंद होऊन सैल पडल्या, कफ तिथे डबक्यासारखा साचतो. साचला की जंतू, जंतू आले की न्यूट्रोफिल, न्यूट्रोफिलच्या विकरांनी (एन्झाइमनी) नळी आणखी खराब, म्हणून कफ आणखी साचतो. पीटर कोल यांनी १९८६ मध्ये याला दुष्टचक्र म्हटलं, आणि मी त्या चक्रावर रोज सकाळी वीस मिनिटं उताणं-पालथं होऊन कफ काढते.

माझ्याकडे ताईंसारखा सूक्ष्मदर्शक नाही, पण एक वही आहे. रोजचा रंग. पांढरा, फिकट पिवळा, गडद पिवळा, हिरवा. हिरवेपणा जंतूंचा असतो, असं मला वाटायचं. तो न्यूट्रोफिलमधल्या मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या विकराचा असतो, ते विकर मुळातच हिरवं. म्हणजे रंग बघून मी घरबसल्या न्यूट्रोफिलच मोजत असते, ढोबळमानाने. नेहमीचा फिकट पिवळा सलग दोन दिवस गडद झाला, कफ वाढला आणि थकवा आला, की मी डॉक्टरांना फोन करते. एकट्या रंगावर नाही, तिन्ही एकदम बदलले तर. वही ठेवायला लागल्यापासून भरती टळलीय, असं माझं मत, पुरावा नाही.

न्यूट्रोफिलवाल्यांसाठी एक बातमीही आहे. ब्रेन्सोकॅटिब नावाची गोळी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. न्यूट्रोफिल तयार होत असतानाच तिच्या विकरांना धार लागू न देणारी. चाचणीत हल्ले सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाले. पाचवा हिस्सा म्हणजे काही चमत्कार नव्हे. पण इतकी वर्षं आमच्यासाठी मंजूर म्हणावं असं औषधच नव्हतं.

शंखोबा | रविवार, रात्री १०:१०

बरं, मान्य. चुलतभाऊ मागे घेतो. पण कफ मोजणाऱ्या ताई सगळीकडे नसतात. मग सामान्य माणसाने आपली सूज कुठली हे ओळखायचं कसं? की सगळ्यांनी वही ठेवायची?

काचपट्टी | सोमवार, सकाळी ७:५०

वही वाईट नाही. पण दोन सोपे मार्ग आहेत. एक, नाकाने नव्हे तर तोंडाने यंत्रात सावकाश फुंकून नायट्रिक ऑक्साइड मोजतात, त्याला फेनो म्हणतात. प्रौढांत २५ च्या खाली असेल तर इओसिनोफिलची सूज संभवत नाही, ५० च्या वर असेल तर बहुधा आहे, मधलं धूसर. सिगरेट ओढत असाल तर आकडा खोटा कमी येतो.

दुसरा मार्ग म्हणजे साधा सीबीसी, रक्तातल्या पेशींची नेहमीची तपासणी. तुमच्या जुन्या फायलीत नक्की पडलेला असेल. त्यात इओसिनोफिल टक्क्यांत दिलेल्या असतात. एकूण पांढऱ्या पेशींशी गुणा. ८,००० पेशी आणि ४ टक्के म्हणजे ३२०. सीओपीडीत १०० च्या खाली असेल तर स्टिरॉइडच्या पंपाने फायदा होण्याची शक्यता कमी आणि न्यूमोनियाचा धोका आहेच. ३०० किंवा वर असेल आणि हल्ले येत असतील तर फायद्याची शक्यता चांगली. मधे डॉक्टरांनी तारतम्य वापरायचं. रक्त म्हणजे कफ नव्हे, आकडा दिवसभरातही खालीवर होतो, जंतांनीही वाढतो. तेव्हा एका रिपोर्टवर जाऊ नका.

हे ओळखण्याला किती किंमत आहे त्याचं एक उदाहरण. इओसिनोफिलना रसद पुरवणारा आयएल-५ नावाचा दूत अडवणारं मेपोलिझुमॅब दम्यात पहिल्यांदा सरसकट सगळ्यांना देऊन पाहिलं. २००७ च्या निकालात फायदा दिसला नाही, औषध जवळजवळ मोडीत निघालं. २००९ मध्ये लेस्टर आणि हॅमिल्टनच्या गटांनी तेच औषध फक्त कफात इओसिनोफिल असलेल्यांना दिलं. हल्ले ठळकपणे कमी. आणि लेस्टरच्या अभ्यासात हल्ले कमी झाले तरी रोजची लक्षणं आणि फुंकण्याचा आकडा फारसा हलला नाही! तीन खाती म्हणते ती यासाठी. एका खात्यातलं कर्ज फिटलं, बाकीच्या दोघांना खबर नाही. सीओपीडीतही इओसिनोफिल जास्त असूनही हल्ले न थांबणाऱ्यांसाठी २०२४ पासून सुजेचे दुसरे दूत अडवणारं एक इंजेक्शन, डुपिलुमॅब, मंजूर आहे.

निरगाठ | सोमवार, सकाळी ८:२०

म्हणजे दोन वेगळ्या प्रकारच्या सुजेची माणसं एकाच नावाच्या आजाराखाली झोपलेली. नाव बदलायला हवं का मग?

भाता | सोमवार, सकाळी ८:४१

नावं बदलून आमच्या फॉर्मचे रकाने वाढतील फक्त.

खटपट्या | सोमवार, रात्री ११:१५

ताई, आज कामावरून आल्यावर बाबांची सगळी फाइल जमिनीवर मांडून बसलो होतो. आठ सीबीसी निघाले. सात महिन्यांपूर्वीचा, बाबा बरे असताना मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेला: एकूण १०,२००, इओसिनोफिल ४ टक्के. गुणाकार ४०८. आणि भरतीतला, जो बघून डॉक्टर ‘इओसिनोफिल नाहीतच, स्टिरॉइडचा पंप बंद करू’ म्हणाले होते: एकूण १४,०००, इओसिनोफिल ०. पंप तेव्हापासून बंद आहे आणि तीनपैकी दोन हल्ले त्यानंतरचे. हे दोन रिपोर्ट एकाच माणसाचे कसे असू शकतात? की लॅबची चूक?

काचपट्टी | सोमवार, रात्री ११:३२

लॅबची चूक वाटत नाही. भरतीतला नमुना कधी घेतला, पहिल्या दिवशी आत आल्या आल्या, की नंतर? आणि तोवर स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन सुरू झालं होतं का? डिस्चार्ज कार्डवर औषधांच्या तारखा असतील.

खटपट्या | सोमवार, रात्री ११:५१

सापडलं. इंजेक्शन ९ तारखेला रात्री सुरू. रक्त ११ तारखेला सकाळी.

काचपट्टी | मंगळवार, सकाळी ६:४०

तेच. तोंडावाटे किंवा शिरेतून स्टिरॉइड गेलं की काही तासांतच रक्तातल्या इओसिनोफिल गायब होतात, आणि न्यूट्रोफिल वाढून एकूण आकडा फुगतो. १४,००० आणि शून्य ही जोडी स्टिरॉइडचीच सही दिसते. तो शून्य बाबांचा नाही, औषधाचा आहे.

बाकीचे सहा रिपोर्टही असेच तपासा, कुठला बरे असतानाचा आणि कुठला औषध चालू असतानाचा. पंप स्वतःहून परत सुरू करू नका. दोन्ही कागद शेजारी ठेवून फोटो काढा, तारखा आणि इंजेक्शनची नोंद दिसेल असा, आणि पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. बहुतेक दोन मिनिटांत त्यांच्याही लक्षात येईल.

खटपट्या | मंगळवार, सकाळी ७:०५

आजच जातो. बाबा म्हणताहेत, मोतीबिंदूच्या डॉक्टरांना पेढे द्यायला हवेत.